ईदच्या घरी हात पुढे करताना

कुर्ल्याला ऑफिसातल्या मित्राकडे ईदला गेलो होतो. भाभींनी शीरखुर्म्याची वाटी समोर ठेवली आणि मी सवयीने हात पुढे केला, "ईद मुबारक, भाभी!" त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, मान किंचित झुकवली, हसल्या. माझा हात हवेतच. शेवटी तोच वाटीकडे वळवला. वाईट कुणालाच वाटलं नाही, पण कान माझे तापलेच.

तेव्हा पहिली गोष्ट, घाई करू नका. समोर स्त्री असो वा तुम्ही स्त्री असून समोर पुरुष असो, क्षणभर थांबा. समोरून हात आला तर बिनधास्त मिळवा. मुंबईत बँकेत, कोर्टात, कॉलेजात सहज हात मिळवणारे मुस्लिम स्त्री-पुरुष भरपूर आहेत. हिजाब किंवा दाढी बघून अंदाज बांधायला जाल तर फसाल.

हात आला नाही तर आपला उजवा हात छातीवर ठेवून सलाम करा. नमस्कारही चालतो, फक्त उलट हात जोडले जातीलच असं धरू नका.

आता हात पुढे गेलाच असेल तर? तोच वळवून छातीवर आणा, झालं. पाच वेळा "सॉरी, लक्षातच नाही राहिलं" म्हणत बसलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते. आणि कारण तिथल्या तिथे विचारू नका.

कारण इथे वाचा. सहीह बुखारी या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींत) त्यांच्या पत्नी हजरत आयेशांचं कथन आहे, की पैगंबर स्त्रियांकडून निष्ठेची शपथ घेत ती तोंडी, हातात हात न घेता. त्यावरून बहुतेक उलेमा, म्हणजे इस्लामी धर्मपंडित, 'ना-महरम' व्यक्तीशी हात मिळवायला मनाई करतात. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही तो. बाईसाठी वडील, भाऊ, मुलगा, काका, मामा, भाचा, सासरे. चुलतभाऊ, मामेभाऊ, दीर, बहिणीचा नवरा मात्र यात येत नाहीत! म्हणजे जी बाई तुमच्याशी हात मिळवत नाही, ती सख्ख्या दिराशीही मिळवत नसेल. तुमच्या धर्माचा इथे संबंधच नाही. (आपल्या आजीने तरी कधी कुणा परक्या पुरुषाशी शेकहँड केला होता?) यूसुफ अल-करदावींसारख्या विद्वानांनी थोडी मुभा दिली आहे. स्वतःहून हात पुढे करू नये, पण समोरून आला तर घेता येईल, तेही मनात वावगं नसेल तर. त्यामुळे एकाच घरात एक बहीण हात मिळवते, दुसरी नाही, असंही दिसेल.

मुलाखत घेत असाल तर यावरून उमेदवाराची पारख करू नका. स्वीडनमध्ये दुभाष्याच्या नोकरीसाठी आलेल्या एका मुस्लिम तरुणीने हात न मिळवता छातीवर ठेवला, तर मुलाखत तिथेच संपवली गेली. 2018 मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने त्या कंपनीला 40,000 क्रोनर भरपाई द्यायला लावली.

पुरुषा-पुरुषांत आणि बायका-बायकांत मात्र अंग चोरू नका. मुसाफा, म्हणजे हात मिळवणं, बऱ्याचदा दोन्ही हातांनी करतात. ईदची गळाभेट तीनदा. दोनवर थांबलात तर यजमान तिसऱ्यांदा ओढून घेईल.