स्फेरॉइडमध्ये पेशी खरंच औषधाला दाद देत नव्हत्या का? माझा अनुभव

रत्नागिरीच्या पावसाळ्यात एचसीटी-११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचे स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे त्रिमितीय गोळे, केले. औषध न घातलेल्या वेलमध्येही (वेल म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा) मेलेल्या पेशी दिसायच्या, फरकच कळेना. कारण आकार. गोळा साधारण ५०० मायक्रॉनच्या पुढे गेला की गाभ्याला ऑक्सिजन पुरत नाही. वेलमागे ५००० ऐवजी १००० पेशी घेतल्या, ३५०-४०० मायक्रॉनवरच औषध दिलं.

सपाट तळाच्या प्लेटमध्ये १.५ टक्के अ‍ॅगरोज (पेशी तळाला चिकटू न देणारी जेली), वेलमागे ५० मायक्रोलिटर, गरम असतानाच घाला. थिजू लागलेलं घातलं की तळ खडबडीत होतो आणि एकाऐवजी चार-पाच लहान गोळे बनतात. लाइट गेली की इन्क्युबेटर थंडावतो, झाकणाला पाणी सुटतं. तेव्हा झाकण पुसू नका, निर्जंतुक नवं लावा.

खरी गोम मोजणीत होती. कॅस्पेज-३/७ ही पेशी मरताना सक्रिय होणारी एन्झाइम्स; ती मोजायचं अभिकर्मक फक्त बाहेरच्या थरात शिरतं. आकडा कमी येतो आणि पेशी चिवट वाटतात. अभिकर्मक वेलमधल्या माध्यमाइतक्याच आकारमानात घालून ५ मिनिटं जोरात हलवा, मग पिपेटने गोळा फोडा. फुटला की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वापरत असाल तर कॅस्पेज-३च्या अँटिबॉडीवर विसंबू नका, त्या पेशींत ते एन्झाइम नसतंच. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध स्वतःच लाल चमकतं, त्यामुळे सोबत प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी लाल दाखवणारा रंग) नको.