एमआरआयमध्ये ‘फझेकास ग्रेड २’ आलंय? मग आता काय करायचं

साठी-सत्तरीतल्या माणसाचा मेंदूचा एमआरआय काढला की रिपोर्टमधे ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याने झालेले बदल), फझेकास ग्रेड अमुक’ अशी ओळ बऱ्याचदा येते आणि मग फॅमिली ग्रुपवर नुसती घबराट. आधी ग्रेड बघा. एमआरआयवर पांढरे ठिपके किती आहेत ते सांगणारा हा आकडा, ० ते ३ असतो. १ म्हणजे तुरळक पांढरे ठिपके, ह्या वयात खूप जणांना असतातच, २ म्हणजे ठिपके एकमेकांना जोडायला लागलेत, ३ म्हणजे मोठे पट्टे.

ठिपके असतात व्हाइट मॅटरमधे, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारं वायरिंग, त्यावर मायलिन नावाचं चरबीसारखं आवरण. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जाड नि कडक होतात, रक्त कमी पोचतं, आवरण झिजतं. पण सगळा दोष बीपीचाच असं नाही हां. अल्झायमरमधे मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रोटीनं साचतात. अमायलॉइड रक्तवाहिनीच्या भिंतीतही साचू शकतं, आणि टाऊमुळे मेंदूच्या वरच्या थरातली पेशी मेली की तिच्यातून निघालेला लांब तंतूही खराब होतो, आणि एमआरआयवर सगळं पांढरंच दिसतं. कित्येकांना दोन्ही एकदम असतं. अमायलॉइड-टाऊ बघायला पेट (PET) स्कॅन किंवा पाठीतलं पाणी काढून टेस्ट करतात, पण ते न्यूरोलॉजिस्टना ठरवू दे, आपण नेटवर वाचून हट्ट धरू नये.

आपल्या हातात आहे ते बीपी. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड ट्रायलचे रिझल्ट २०१९ मधे आले, वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं टार्गेट असलेल्यांचे हे डाग १४० च्या टार्गेटवाल्यांपेक्षा कमी वाढले आणि डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आधीची विस्मरणाची स्टेजही १९ टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियाचा फरक मात्र पक्का सिद्ध झाला नाही. शिवाय डायबेटिसवाले आणि स्ट्रोक होऊन गेलेले त्यात घेतलेच नव्हते, म्हणून १२० चा आकडा परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

आता मोजायचं कसं, कारण इथेच सगळे गंडतात. दंडावरचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, मशीनचा पट्टा (कफ) उघड्या दंडावर आणि हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. बोलायचं नाही, टीव्ही बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा, घरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

‘आता नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करणारे घरोघरी आहेत, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे! मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा (चहाचा) चमचा, त्यात लोणचं-पापडसुद्धा धरायचं. आणि उठून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर एकदा उभ्यानेही बीपी मोजा आणि तो आकडा वहीत वेगळा लिहा, डोस कमी करायचा का हे डॉक्टर त्यावरूनच बघतात.