पोलिसांनी विक्रीनोंदी मागितल्यास बंदूकविक्रेत्याने काय करावे?

अमेरिकेतील परवानाधारक विक्रेत्याकडे कोणी नोंदी मागितल्या, तर ती व्यक्ती कोणत्या यंत्रणेची आहे आणि कोणत्या कायद्याच्या आधारे मागते आहे, हे आधी शांतपणे विचारावे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार एटीएफ ही संघीय यंत्रणा नियमपालन पाहण्यासाठी १२ महिन्यांतून एकदा वॉरंटविना तपासणी करू शकते. गुन्ह्यातील शस्त्राचा माग काढण्यासाठी तिने विचारणा केली, तर २४ तासांच्या आत उत्तर द्यावेच लागते. स्थानिक पोलिसांना हे संघीय अधिकार आपोआप मिळत नाहीत, म्हणून राज्याचा कायदा पाहावा आणि त्यात तरतूद नसल्यास समन्स किंवा वॉरंट मागावे.

बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर खरेदीदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख असे सारे असते. एका बंदुकीच्या अनुक्रमांकासाठी संपूर्ण फाइल पुढे केली, तर ज्यांचा प्रकरणाशी संबंधच नाही अशा कित्येकांची माहिती उघडी पडते, आणि माझ्या मते सर्वाधिक जपायचे ते इथेच. आदेशात मागितले असेल तेवढेच द्यावे. अधिकाऱ्याचे नाव, बिल्ला क्रमांक, वेळ लिहून ठेवावी. मूळ कागद नेल्यास पोच घ्यावी. वॉरंट असल्यास अडवू नये, आक्षेप वकिलामार्फत नोंदवावा. मागणी आल्यावर नोंदीत फेरफार मात्र कदापि करू नये.