उन्हाचा धक्का किती, सूर्याची ओढ किती? वहीवर काढायचा हिशेब

"सर, उनानं पृथ्वी ढकलल्या जाते का?" आठवीतल्या एका मुलीनं मार्चच्या भर दुपारी विचारलं. उत्तर आहे, हो. प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो, आणि संवेग असलेली गोष्ट आदळली की धक्का बसतोच. मॅक्सवेलनं हे १८७३ साली गणितानं मांडलं, आणि १९०० च्या सुमारास लेबेदेव यांनी मॉस्कोत तो धक्का मोजूनही दाखवला. पण मुलीला "हो" पुरलं नाही, तिला "किती" हवं होतं. तो हिशेब आम्ही वर्गात केला. तुम्हीही करा, भागाकार-गुणाकार येत असला की झालं.

आधी ऊन मोजा

तोंडाशी ३६ सेंटिमीटर व्यासाच्या दोन सारख्या पराती घ्या. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ०.१ चौरस मीटर. आतून फळ्याचा काळा रंग द्या, तो चकाकत नाही. वाळल्यावर दोन्हींत माठातलं एकेक लिटर पाणी ओता. एक परात उन्हात, दुसरी सावलीत, दोन्हींखाली गोणपाट. वेळ दुपारी बाराची, वारा पडलेला असावा. प्रयोगशाळेतलं थर्मामीटर वापरा. तापाचं चालणार नाही, ते ४२ अंशांवर संपतं.

दहा मिनिटांनी पाणी ढवळून दोन्हीकडचं तापमान घ्या. सावलीतली परात विसरू नका, कारण आपल्याकडची गरम हवाही पाणी तापवते, आणि ती वाढ वजा करावीच लागते. आम्हाला फरक ११ अंश मिळाला. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला ४२०० ज्यूल लागतात. म्हणून ४२०० × ११ भागिले ६०० सेकंद, म्हणजे ७७ वॅट, आणि चौरस मीटरला ७७०. काही उष्णता वाफेत, काही परातीच्या कडेत जाते. निरभ्र दुपारी खरा आकडा हजाराच्या आसपास असतो, आणि वातावरणाच्या वर, पृथ्वीच्या अंतरावर, १३६१ वॅट.

मग त्याला प्रकाशाच्या वेगानं भागा

प्रकाशाचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले त्याचा वेग, म्हणून हा भागाकार. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. १३६१ भागिले ३० कोटी केलं की चौरस मीटरवर ०.०००००४५ न्यूटन येतात. हा शोषणाऱ्या पृष्ठभागावरचा दाब. आरशासारखा पृष्ठभाग असेल तर दुप्पट.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून वावरात आणू. आपली काळी माती ऊन बहुतेक सगळं पिऊन घेते. एकरात ४०४७ चौरस मीटर. भर दुपारचं हजार वॅटचं ऊन धरलं, तर एक एकर वावरावर उन्हाचा एकूण भार दीड ग्रॅमही भरत नाही. रुपयाचं नाणं याच्या दुपटीहून जड असतं. माणसाला अंगावर ओझं वाटतं ती उष्णता असते, दाब नव्हे.

आता अख्खी पृथ्वी. सूर्याला पृथ्वी गोल थाळीसारखी दिसते, म्हणून ६३७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्या, गोलाचं नको. इथे मुलं हमखास चुकतात. ते भरतं पावणेतेरा कोटी चौरस किलोमीटर, आणि धक्का होतो सुमारे ५८ कोटी न्यूटन, म्हणजे ५९ हजार टनांचं वजन. वणी-चंद्रपूरकडून कोळशानं भरून निघणारी मालगाडी चारेक हजार टन माल नेते. तशा पंधरा गाड्यांचा माल समजा.

सूर्याची ओढ

यासाठी अवघड सूत्र नको. पृथ्वी वर्षात ९४ कोटी किलोमीटरची फेरी मारते. वर्षाच्या ३ कोटी १६ लाख सेकंदांनी भागलं की सेकंदाला २९.८ किलोमीटर वेग निघतो. हे मीटरमध्ये घेऊन वर्ग करा, १५ हजार कोटी मीटर अंतरानं भागा: ०.००५९. हे पृथ्वीचं सूर्याकडचं त्वरण, त्याला वस्तुमानानं गुणलं की ओढ मिळते. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. गुणाकार येतो ३५ वर २१ शून्यं न्यूटन.

ओढीला धक्क्यानं भागा. ओढ सुमारे ६० लाख कोटी पट मोठी.

पण इथे थांबू नका

तुरीचं खळं आठवा. सुपातून धार सोडली की दाणा पायाशी पडतो आणि कुटार वाऱ्याबरोबर लांब जातं. वारा दोघांनाही तोच. फरक आहे तो अंगाच्या पसाऱ्याचा आणि वजनाचा. उन्हाचंही तसंच. धक्का पसाऱ्यावर ठरतो, ओढ वजनावर. ढेकूळ फोडून निम्म्या व्यासाचं केलं, तर पसारा पाव होतो पण वजन आठवा हिस्सा, म्हणून ओढीच्या मानानं धक्का दुप्पट होतो.

सूर्याभोवती फिरणाऱ्या सेंटिमीटरभर ढेकळावर ओढ धक्क्याच्या पंधरा-वीस हजार पटच उरते. ते फोडत फोडत मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नेलं की दोन्ही बरोबरीला येतात. (त्याहून फारच बारीक कणाला प्रकाश नीट पकडू शकत नाही, तिथे धक्का पुन्हा घटतो.) धूमकेतूची धुळीची शेपटी सूर्यापासून दूर वळते ती याच धक्क्यानं. जपानच्या इकारोस यानानं २०१० मध्ये १४ मीटर बाजूचं, केसाहून पातळ शीड उघडून हाच धक्का कामाला लावला.

ताळा

मुलीनं लगेच विचारलं, "मंग मंगळाचं?" वर्गाचा अंदाज होता की मंगळ लांब, तिथे ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच, म्हणजे ओढ आणखी वरचढ ठरेल. पण अंतरामुळे ऊन जितकं कमी होतं, तितकीच ओढही कमी होते, त्यामुळे अंतर हिशेबातून निघूनच जातं. उरते ती त्रिज्या आणि घनता. मंगळाची त्रिज्या ३३९० किलोमीटर, घनता ३.९, पृथ्वीची ६३७१ आणि ५.५. दोन्हींचे गुणाकार करून प्रमाण काढा, त्यानं ६० लाख कोटींना गुणा. २३ लाख कोटींच्या जवळ आलात, तर तुमची वही बरोबर आहे.