प्रकाश सापळ्यातले पतंग ओळखताना या चुका टाळा

रात्री दिव्याच्या उजेडाने पतंग ओढून घेणारा सापळा सकाळी उघडला की पहिली नजर रंगावर जाते आणि ओळख तिथेच चुकते. पतंगाचा रंग म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. सापळ्यात धडपडताना ते झडतात, मग नक्षीही पुसट होते. काही हिरव्या पतंगांचा रंग उतरून पिवळट पडतो. त्यात फोटो सापळ्याच्या निळसर उजेडात काढला, तर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा.

रंगाआधी बसण्याची ढब बघा. जिओमेट्रिडी कुळातले बरेच पतंग पंख सपाट पसरून बसतात, नॉक्ट्युइडी कुळातले बरेचसे उतरत्या छपरासारखे मिटून. पिसपतंग इंग्रजी ‘टी’च्या आकारात दिसतो. म्हणून पतंग हलवण्याआधीच पहिला फोटो घ्या. एकदा बिथरला की ढब मोडते. शेजारी पट्टी ठेवा आणि पुढच्या पंखाची लांबी बुडापासून टोकापर्यंत मोजा. पंखविस्तार बसण्याच्या पद्धतीनुसार कमीजास्त भरतो.

मुळात तो पतंग आहे ना, हेही तपासा! कॅडिसफ्लाय ही वेगळ्या गटातली माशी हुबेहूब लहान पतंगासारखी दिसते, पण तिच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात आणि गुंडाळलेली सोंड नसते.

नर आणि मादीची दोन जाती म्हणून नोंद होणं नेहमीचंच. अमेरिकन लष्करी अळीपासून होणाऱ्या पतंगात नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाजवळ ठळक पांढरा डाग असतो, मादी मात्र साधी करडी-तपकिरी. एकाच जातीत वेगवेगळी रूपंही असतात. बिस्टन बेट्युलॅरिया हा ठिपक्यांचा फिकट पतंग पूर्ण काळाही आढळतो.

मागचे पंख न बघणं ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. युडोसिमा या पतंगांचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, त्यांच्याखाली भडक नारिंगी-काळे मागचे पंख. पुढचा पंख बळेच ओढू नका. पतंग पारदर्शक डबीत थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे), सुस्तावला की मऊ ब्रशने पंख हळूच सरकवा. फोटो झाल्यावर तो सापळ्यापासून दूर, दाट झुडपात सोडा. सापळ्याजवळ रोज खाऊ मिळतो हे पक्षी लवकर शिकतात.

फोटोवरून जात ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेलं पहिलं नाव तसंच उचलू नका. ती जात तुमच्या भागात आढळते का, या ऋतूत उडते का, ते आधी बघा. सारख्या दिसणाऱ्या जातींच्या काही जोड्या तर फोटोवरून सुटतच नाहीत: स्पोडोप्टेरा लिट्युरा आणि स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस यांच्यातला खात्रीचा फरक जननेंद्रियांच्या तपासणीत कळतो. जिथे या दोन्हींची शक्यता आहे, तिथे वहीत ‘स्पोडोप्टेरा, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.