स्लाइस घालवायचाय? आधी बॉलची वाट वाचा, मग स्विंगचे पहिले दोन फूट सुधारा

सकाळी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. बॉल डावीकडे निघतो, हवेत वळतो आणि उजवीकडच्या झाडांत जातो. हवेतल्या या उजव्या वळणालाच स्लाइस म्हणतात. मारणारा पुढच्या बॉलला आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि तो बॉल आणखी मोठं वळण घेतो. मीही दोन वर्षं हेच करत होतो. शेवटी पुण्यातल्या एका जुन्या कॅडीने (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनीसाने) बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "साहेब, बॉलला लागायच्या कितीतरी आधी मनगट फिरतंय तुमचं." त्याने बोट दाखवलं ते माझ्या उजव्या मांडीकडे, जिथे क्लब, म्हणजे बॉल मारायची स्टिक, जमिनीवरून नुकता मागे निघालेला असतो. स्विंगच्या, म्हणजे क्लब फिरवण्याच्या, या पहिल्या हालचालीला टेकअवे म्हणतात. स्लाइसचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

बॉल कुठे निघाला आणि कुठे वळला

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवायचे. बॉल कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः टक्कर होताना क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग) कुठे बघत होता यावर ठरतं. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) बाबतीत सुमारे ८५ टक्के आणि मधल्या आयर्नच्या (मधल्या अंतराच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत सुमारे ७५ टक्के वाटा फेसचा असतो. उरलेला वाटा क्लब कोणत्या वाटेने आला याचा. पूर्वी याच्या बरोबर उलटं शिकवलं जायचं. बॉल क्लबच्या वाटेवर निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो, असं म्हणत. रडारवर मोजमाप सुरू झाल्यावर ती समजूत मागे पडली, तरी रेंजवर ती अजून ऐकू येते.

वळण मात्र या दोघांतल्या फरकातून येतं. समजा, टार्गेटच्या तुलनेत फेस २ अंश डावीकडे बघतोय आणि क्लब ६ अंश डावीकडे चाललाय. फेस टार्गेटच्या डावीकडे आहे, म्हणजे बॉल डावीकडे निघेल. पण क्लबच्या वाटेच्या तुलनेत तोच फेस ४ अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला आहे, म्हणून बॉल उजवीकडे वळेल. अगदी सुरुवातीला सांगितलं ते दृश्य हेच. आता तुम्ही आणखी डावीकडे तोंड करून उभे राहिलात की क्लबची वाट आणखी डावीकडे जाते, फरक वाढतो आणि वळणही वाढतं. स्लाइसवरचा हा सगळ्यात लोकप्रिय उपाय स्लाइसला खतपाणी घालतो, हे मनापासून पटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेव्हन आयर्नने दहा बॉल मारा. प्रत्येक बॉलनंतर वहीत दोनच गोष्टी लिहा: डावीकडे निघाला, उजवीकडे वळला. किंवा सरळ निघाला, डावीकडे वळला. दहापैकी सात एकाच जातीचे निघाले तर तुमचा रोग ठरला. प्रत्येक बॉल वेगळा जात असेल तर दोष वाटेत नसून फटका फेसवर कुठे बसतोय यात असू शकतो.

ते तपासणं सोपं आहे. बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठसठशीत ठिपका काढा आणि तो ठिपका फेसकडे येईल असा बॉल ठेवून मारा. ठिपक्याचा ठसा फेसवर उमटतो. ड्रायव्हरच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका. फटका हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांडीच्या) बाजूला बसला तर बॉलला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. टोकडे, म्हणजे बाहेरच्या टोकाला बसला तर डावीकडे वळवणारी. स्विंग ठीक असूनही निव्वळ हीलवर लागल्यामुळे स्लाइस जाणारे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांनी टेकअवे बदलून काहीच साधणार नाही. ठसा सतत हीलकडे येत असेल तर आधी बॉलपासूनचं अंतर आणि टाचांवर-चवड्यांवर पडणारा भार बघा.

उभं राहण्याचा आणि पकडीचा हिशेब

यावर फार वेळ लागत नाही. पायांच्या पुढे जमिनीवर एक काठी टार्गेटच्या रेषेला समांतर ठेवा. पाय, गुडघे आणि विशेषतः खांदे तिला समांतर हवेत. स्लाइस मारणाऱ्याचे पाय सरळ असतात, पण खांदे डावीकडे उघडलेले असतात आणि ते त्याला स्वतःला दिसत नाहीत. मग वरून डाव्या हाताकडे बघा. बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन ते अडीच गाठी दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर पकड कमजोर आहे, म्हणजे फेस उघडा राहायला आयतं निमित्त आहे. पकडीचा दाबही बघा. हात आवळलेला असला की मनगटं पहिल्या क्षणापासून स्वतःचा कारभार सुरू करतात.

टेकअवे: दोन जागी थांबून बघा

आता मुख्य काम. फोन तुमच्या मागे, हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा. फोन बॉलच्या बाजूला सरकला तर चांगला टेकअवेही आत गेल्यासारखा दिसतो, आणि नसलेला दोष सुधारण्यात महिना जातो.

पहिली जागा: हात उजव्या मांडीसमोर आले, क्लबहेड (क्लबचं डोकं) दीड-दोन फूट मागे गेलं. इथपर्यंत मनगटांनी जवळजवळ काहीच करायचं नाही. छाती, हात आणि क्लब एकत्र निघायला हवेत. दोन खांदे आणि दोन हात मिळून जो त्रिकोण होतो तो तसाच राहायला हवा. क्लबहेड हातांच्या बाहेरच्या बाजूला हवं.

दुसरी जागा: शाफ्ट जमिनीला समांतर. मागून बघितल्यावर क्लबहेडने हातांना झाकलेलं हवं आणि शाफ्ट जमिनीवरच्या काठीच्या दिशेत हवा. फेसची पुढची कड तुमच्या पाठीच्या कलाएवढी पुढे झुकलेली असावी. टो सरळ आकाशाकडे असेल तरी चालतं. फेस आकाशाकडे बघत असेल तर तो उघडला. जमिनीकडे बघत असेल तर मिटला.

माझ्या कॅडीने जो दोष पकडला तो सगळ्यात जास्त आढळतो. छाती वळायच्या आधीच हातांनी क्लब आत, पाठीकडे ओढला जातो आणि डावं मनगट फिरून फेस उघडतो. दुसऱ्या जागी क्लबहेड हातांच्या बरंच मागे गेलेलं दिसतं. वर पोहोचल्यावर शरीराला खाली यायला जागाच उरत नाही, मग उजवा खांदा पुढे उसळतो आणि क्लब बाहेरून आत कापत येतो. टार्गेटच्या डावीकडे वाट आणि उघडा फेस, दोन्ही एकाच चुकीतून मिळाले. हाच टेकअवे करून काही चपळ खेळाडू खालीही आतूनच येतात. त्यांचा बॉल उजवीकडे निघतो किंवा हुक जातो, म्हणजे डावीकडे जोरात वळतो. म्हणूनच आधी वही भरायला सांगितली.

उलटा दोष म्हणजे छाती न वळवता नुसत्या हातांनी क्लब बाहेर उचलणं. फटका वरून आदळतो, डिव्हट (फटक्याने जमिनीत पडणारा खड्डा) खोल आणि टार्गेटच्या डावीकडे जाणारा निघतो. पावसाळ्यात मॅटवर सराव करताना हे कळत नाही, कारण मॅट डिव्हटही लपवते आणि बॉलच्या आधी जमिनीला लागलेला फटकाही.

तिसरा दोष, फेस मिटवून मागे नेणं. त्यातून खुजे, डावीकडे झपकन वळणारे बॉल येतात. शाफ्ट समांतर होताना टो पाठीच्या कलापर्यंत येऊ द्या, एवढं पुरतं.

सराव

क्लबहेडच्या मागे, टार्गेटच्या रेषेत, साधारण एक फुटावर दुसरा बॉल ठेवा. आता क्लब मागे नेताना तो बॉल मागे ढकलायचा. सरळ मागे गडगडत गेला तर टेकअवे बरोबर. क्लब त्याला न लागता आतून निघून गेला तर हात आत ओढतायत. क्लब वरून गेला तर मनगट घाईने मोडतंय. पहिल्या दिवशी मला हा बॉल दहापैकी तीनदाच लागला. छाती वळली की तो आपोआप लागतो, हातांनी नेम धरून लावायला गेलं की चुकतो. ही जाणीव बोटांत उतरायला आठवडाभर लागतो आणि ती घरी गच्चीवरही उतरवता येते.

मग खरा फटका. तीन वेळा दुसऱ्या जागेपर्यंत जाऊन थांबा, बघा, परत या. चौथ्यांदा न थांबता अर्ध्या वेगाने बॉल मारा. तासाभरात चाळीस बॉल पुष्कळ झाले. शंभर बॉलची बादली संपवायच्या नादात जुनी सवयच पक्की होते.

खांदा अजूनही उसळत असेल तर बॉलच्या पलीकडे वीतभर अंतरावर, थोडं मागे, ड्रायव्हरचं कापडी कव्हर ठेवा. बाहेरून येणारा क्लब त्याला लागतो.

सुधारणा सुरू झाल्यावर एक टप्पा येतो ज्याने बरेच जण घाबरून माघार घेतात. बॉल डावीकडे निघायचा बंद होतो आणि थेट उजवीकडे निघू लागतो, कधी कधी आधीपेक्षाही लांब उजवीकडे. क्लबची वाट सुधारलेली असते, पण हात अजून जुन्या सवयीने फेस उघडा ठेवतात. १८० मीटरवर एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे ३ मीटर, तेव्हा थोडा उघडा फेसही बॉल फेअरवेबाहेर, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याबाहेर नेतो. अशा वेळी टेकअवेला हात लावू नका आणि डावीकडे तोंड करून तर मुळीच उभे राहू नका. डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे वळवा, तिसरी गाठ दिसेपर्यंत, आणि पुन्हा दहा बॉल मारून वहीत लिहा.