कवयित्री-प्रकाशिकेवर वीस मिनिटे बोलताना

दादरच्या एखाद्या वाचकमंडळात कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्री नेओमी लाँग मॅजेट यांची ओळख करून द्यायची असेल, तर नॉरफोकमधील १९२३ च्या जन्मापासून सुरुवात करू नये. ते सनावळीचे काम टिपणाच्या कोपऱ्यात राहू द्यावे. सुरुवात १९७२ पासून करावी. चौथ्या संग्रहाला प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी मित्रमंडळींसह डेट्रॉइटमध्ये लोटस प्रेस काढली, तो संग्रह स्वतःच छापला आणि पुढे अनेक कृष्णवर्णीय कवींची पुस्तके प्रसिद्ध केली. पदरमोड करून संग्रह काढलेले आणि त्याचे गठ्ठे पलंगाखाली ठेवलेले कवी आपल्या श्रोत्यांतही असतातच, त्यामुळे येथे फार समजावून सांगावे लागत नाही.

‘मिडवे’ ही मागे वळण्यास नकार देणारी कविता आधी इंग्रजीत सावकाश वाचावी, मग मराठीत केवळ आशय सांगावा. घाईत केलेले यमकबद्ध भाषांतर टाळलेलेच बरे. श्रोत्यांसाठी मूळ कविता ठळक टंकात छापून न्यावी, कारण मागच्या रांगेत चष्मे बरेच असतात. मॅजेट यांचे अध्यापन दोन वाक्यांत आटोपावे. २००१ मध्ये त्यांना मिळालेले डेट्रॉइटच्या राजकवीचे पद मात्र प्रकाशनकार्याच्या ओघातच सांगावे.